अरबांचा बल्हारा आणि लट्टलूरचे घराणे

इसवी सन ८५१ मध्ये अरबी भाषेत एक लहानसे पुस्तक सिद्ध झाले. ‘चीन व हिंद ह्यांचे वृत्तांत’ असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. इराणी आखातातील सिराफ व बसरा ह्या बंदरांतून निघून, मोसमी वाऱ्याच्या आधाराने मलबारावरून चीनपर्यंत जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडच्या हकिकती त्यात गोळा केलेल्या आहेत. सुलेमान नावाच्या एका व्यापाऱ्याच्या नावावर हे पुस्तक मोडते. परंतु ते एकाच हातचे असावे असे दिसत नाही. कोणत्या बेटाला गोडे पाणी मिळते, कोठे चाच्यांचे भय आहे, कोठे कोणते नाणे चालते, ह्या गोष्टींकडे त्याचे लक्ष अधिक. अशा ह्या रोकड्या पुस्तकात मध्येच एक विलक्षण वाक्य येते. हिंदी व चिनी लोक जगात चार राजे थोर मानतात, असे तेथे सांगितले आहे. पहिला बगदादचा खलिफा, दुसरा चीनचा सम्राट, तिसरा रूमचा बादशहा आणि चौथा कान टोचणाऱ्या लोकांचा राजा बल्हारा.

हा बल्हारा कोण, हे सांगावयास नव्वदीच्या घरातील एखाद्या म्हाताऱ्या पंडिताची आता गरज उरलेली नाही. शाळेतील मुलासही ते ठाऊक असते. परंतु शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्यावरून मोठा घोटाळा होता. बल्हारा म्हणजे सौराष्ट्रातील वलभीचा राजा, असे काही युरोपीय पंडितांनी धरून चालविले होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात ही गाठ सोडविली. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘वल्लभ’, ‘पृथ्वीवल्लभ’, ‘श्रीवल्लभ’ म्हणवीत. ‘वल्लभराज’ ह्याचे लोकांच्या तोंडी ‘बल्लहराय’ झाले आणि अरबांच्या कानांनी ते ‘बल्हारा’ असे टिपले. इराणच्या राजास जसे खुस्रो म्हणतात तसे बल्हारा हे विशेषनाम नसून पदवी आहे, हेही त्या जुन्या अरबी पुस्तकाने नीट नोंदविले आहे. राजाची राजधानी मानकीर, म्हणजे मान्यखेट, आजचे मालखेड. ते कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठी आहे.

मालखेडचे नाव ह्या प्रकरणात सर्वांस ठाऊक असते. लातूरचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही, आणि खरी मौज तर तेथेच आहे. धारवाडकडील शिरूर व निलगुंद येथे पहिल्या अमोघवर्षाचे शिलालेख आहेत. दोन्ही इ.स. ८६६ चे. म्हणजे चार थोर राजांचे ते वाक्य अरबस्तानात लिहिले गेले त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी कोरलेले, आणि राजाही तोच. त्या लेखांत अमोघवर्षास ‘लट्टलूर ह्या श्रेष्ठ नगराचा स्वामी’ असे बिरुद लाविले आहे. तो राज्य करीत होता मान्यखेटास. मग लट्टलूरचे नाव का? तर ते मूळ घराचे नाव. देशस्थ असो की कोकणस्थ, आपल्याकडे मनुष्य पोटासाठी कोठेही गेला तरी आडनावात गाव घेऊन जातो. त्यातलाच हा प्रकार, फक्त मनुष्य राजा होता एवढेच.

हे लट्टलूर म्हणजे कोणते गाव ह्याविषयी वाद झाला. शिलालेखांचा मोठा अभ्यासक फ्लीट ह्याने ते मध्यप्रांतातील बिलासपूरकडचे रतनपूर असावे असे सुचविले. ते पटण्याजोगे नव्हते, कारण नावाचा मेळ बसत नव्हता आणि राष्ट्रकूटांचा त्या मुलखाशी जुना संबंधही दिसत नव्हता. पुढे अनंत सदाशिव आळतेकर ह्यांनी इ.स. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात लट्टलूर म्हणजे तेव्हाच्या निजामी राज्यातील लातूर हे मत मांडले, आणि आज तेच बहुधा सर्वत्र ग्राह्य धरले जाते. सौंदत्तीचे रट्ट सामंत तर राष्ट्रकूट साम्राज्य लयास गेल्यावरही अडीचशे वर्षे हेच बिरुद मिरवीत राहिले. ज्या गावाचा स्वामी म्हणवून घेणे एवढे मानाचे वाटे, त्या गावाचे नाव मात्र बगदादच्या एकाही भूगोलकाराच्या कानी पडले नाही.

ह्याचे कारण उघड आहे. अरबांनी हा देश समुद्राकडून पाहिला. बल्हाराचा मुलूख कोकणापासून सुरू होतो, असे त्यांच्या पुस्तकांत लिहिलेले असते. आणि तेथेच त्यांचा स्वतः पाहिलेला मुलूख संपतो. इस्तखरी, इब्न हौकल ह्या दहाव्या शतकातील भूगोलकारांस खंबायतपासून सैमूरपर्यंतचा किनारा ठाऊक आहे. कोठे मशिदी आहेत आणि मुसलमानांचे तंटे त्यांच्यातलाच अधिकारी तोडतो, हे ते सांगतात. घाट चढून वर काय आहे ते ऐकीव. मसूदी हा त्या सर्वांत चौकस व बहुश्रुत लेखक. ‘सोन्याची कुरणे’ ह्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की बल्हाराची राजधानी समुद्रापासून ऐंशी सिंधी फरसख दूर आहे आणि हा फरसख आठ मैलांचा असतो. अरबी मैल आजच्या मापाने दोन किलोमीटरांच्या आसपास भरतो. म्हणजे अंतर झाले बाराशे किलोमीटरांहून अधिक. वस्तुतः मालखेड कोकणकिनाऱ्यापासून सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरही नाही. मसूदीचा आकडा घेऊन कोणी नकाशावर कोकणातून पूर्वेकडे रेघ ओढू लागला, तर मानकीर बंगालच्या उपसागरात बुडते! वाटेची वळणे आणि घाटांचे चढउतार हिशोबात धरले तरी हा फरक भरून निघत नाही. माल घेऊन वर जाणारे बैलांचे तांडे किती दिवसांनी परत येतात, ह्यावरून बंदरातल्या कोणी तरी अंदाज सांगितला असेल आणि मसूदीने तो लिहून घेतला असेल, असेच मानावे लागते.

ह्याच मसूदीने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले त्याची जात पाहा. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, तो सैमूर बंदरात होता. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. तेथे मुसलमानांची दहा हजार वस्ती आहे. त्यांत सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे लोक आहेत, आणि ह्याच देशात मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले आहेत त्यांस ‘बयासिरा’ म्हणतात. त्यांच्या प्रमुखास ‘हुनरमन’ ही पदवी असून राजा त्याची नेमणूक करतो. आणि त्या वेळचा सैमूरचा अधिपती जंज नावाचा आहे, हे सर्व तो बारकाईने लिहितो. हा जंज म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. शिलाहारांच्या लेखांतही तो सापडतो. पाहिलेली गोष्ट अकराशे वर्षांनंतरही पडताळ्यास उतरते, आणि ऐकलेली गोष्ट त्याच पुस्तकात, त्याच लेखणीतून, तिप्पट होते.

आता झंझाकडे थोडे थांबले पाहिजे. शिलाहार राजेही राष्ट्रकूटांप्रमाणेच एका दूरच्या गावाचे बिरुद लावीत. ते बिरुद ‘तगरपुरवराधीश्वर’. तगर म्हणजे ग्रीक नाविकांच्या जुन्या प्रवासपुस्तकात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेली बाजारपेठ. तीच आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. हे ठिकाण निश्चित करण्याचे श्रेय मात्र फ्लीटचे, हे सांगितले पाहिजे. लातुरास चुकलेला मनुष्य तेरास बरोबर पोचला. लातूर ते तेर हे अंतर सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटरांच्या आत आहे. तेव्हा मसूदी चौलच्या बंदरात ज्या राजाच्या छत्राखाली उतरला तो स्वतःस तेरचा स्वामी म्हणवीत होता, आणि त्या राजाचाही जो सम्राट, तो लातूरचा. सम्राट त्या वेळी तिसरा इंद्र असावा. सामंत व सम्राट, दोघांचीही घरे एका दिवसाच्या घोडदौडीच्या अंतरावर, मांजरा-तेरणेच्या काळ्या जमिनीत. बगदादच्या ह्या चौकस प्रवाशास दोघांचेही नाव कळले, परंतु गाव कोणाचेच कळले नाही.

अरबांनी राष्ट्रकूटांची स्तुती का केली, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे ‘जगातील चार थोर राजांपैकी एक’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. त्यात वावगे नाही. पण त्याच पुस्तकातले पुढचे वाक्य फारसे कोणी सांगत नाही. बल्हाराचे राजे दीर्घायुषी असतात, पन्नास पन्नास वर्षे राज्य करतात, आणि आपले राजे अरबांवर प्रेम करतात म्हणूनच एवढे जगतात असे तेथील लोक म्हणतात, असे लेखक सांगतो. अमोघवर्षाने चौसष्ट वर्षांच्या आसपास राज्य केले हे खरे. पण त्याचे श्रेय अरबांच्या स्नेहास देणारा लेखक स्तुती कोणाची करीत आहे, हे ओळखणे कठीण नाही. ह्या स्नेहाच्या मागे राजकारण होते. सिंध इ.स. ७१२ पासून अरबांकडे होता आणि त्यांचे वैर उत्तरेच्या गुर्जर-प्रतिहारांशी चालले होते. प्रतिहारांचे दुसरे वैरी राष्ट्रकूट. शत्रूचा शत्रू तो मित्र, ह्या न्यायाने मानकीरचा राजा बगदादला प्रिय झाला. गुर्जर राजा अरबांचा द्वेष्टा असल्याचेही तेच पुस्तक लगेच सांगते.

तथापि ही सगळीच बोलाची कढी होती असेही नाही. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटात तिसऱ्या इंद्राच्या काळात संजाणच्या मंडलाचा अधिकारी म्हणून मधुमती नावाच्या ‘ताजिक’ गृहस्थाचा उल्लेख आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहंमद ह्या नावाचे संस्कृत रूप. ह्या मुहंमदाने एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठास व देवीस जमिनीचे दान दिल्याचे तो ताम्रपट सांगतो. अरबी पुस्तकात मानकीरचा राजा आणि मानकीरच्या राजाच्या ताम्रपटात अरब, अशी ही दुहेरी साक्ष आहे. बल्हाराने अरबांवर विश्वास टाकला होता, हे त्यांच्या बढाईवरून नव्हे, ह्या तांब्याच्या पत्र्यावरून मानावे.

भाषेविषयी मसूदीचे एक वाक्य येथे सोडता येत नाही, कारण त्याचा संबंध लातूर-नांदेडच्या आजच्या रहिवाशांशी आहे. मानकीरची भाषा ‘कीरिया’, आणि सैमूर, सोपारा, ठाणे ह्या किनाऱ्यावरील गावांची भाषा ‘लारिया’, असे तो लिहितो. कीरिया म्हणजे कानडी, असाच बहुतेक अभ्यासकांचा समज आहे. अमोघवर्षाच्या दरबारी रचलेल्या ‘कविराजमार्ग’ ह्या ग्रंथात कानडी देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. त्या सीमेने पाहिले तर लातूर आत पडते आणि नांदेड उंबरठ्यावर. ह्यामुळे आपल्याकडील काही लोक अस्वस्थ होतात व तो ग्रंथच बाजूस सारू पाहतात. दुसरे काही त्याचे वाक्य आजच्या सीमेवर लावू पाहतात. दोन्ही गोष्टी सारख्याच पोरकट होत. किनाऱ्यावरची ‘लारिया’ म्हणजे जी काही बोली असेल तिच्या मुलखात, चौलपासून थोड्याच अंतरावर आक्षी येथे, इ.स. १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. म्हणजे मसूदी गेल्यावर शंभरच वर्षांनी त्या वाळूत मराठी दगडावर उतरली होती. आणि घाटावर निलंगा, उदगीर, देगलूर ह्या बाजूस आजही बाजाराच्या दिवशी मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच पालाखाली ऐकू येतात. राजाच्या दरबारची भाषा व रानातली भाषा एक नसणे ही ह्या मुलखाची जुनीच रीत आहे.

नांदेडकडे वळले म्हणजे कंधार समोर येते. मन्याडच्या खोऱ्यातील हे गाव राष्ट्रकूटांचे मोठे ठाणे होते. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला एक शिलालेख येथे सापडला आहे; त्यात देवळांचा, दानधर्माच्या व्यवस्थेचा आणि ‘जगत्तुंगसमुद्र’ नावाच्या तलावाचा उल्लेख येतो. कंधारचे पाणी अद्याप लोक त्याच नावाने ओळखतात. किल्ल्याचा जो तट आज उभा दिसतो तो पुष्कळसा नंतरच्या मुसलमानी राजवटींतला. कंधारच्या नावामुळे मात्र वाचकाची फसगत होण्याचा संभव असतो. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इ.स. १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघाला तो दौलताबाद, नंदुरबार करीत खंबायतेकडे उतरला. दौलताबादची द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात हे त्याने लिहिले, नंदुरबारच्या मराठ्यांच्या हस्तकौशल्याची व त्यांच्यातील वैद्य-ज्योतिष्यांची वाखाणणी केली. पुढे त्याच्या प्रवासात ‘कंदहार’ हे नाव येते. ते पाहून कोणी नांदेडकर हरखून जाईल. परंतु ते गुजरातच्या किनाऱ्यावरचे गंधार बंदर होय. इब्न बतूता नांदेडकडे फिरकलाच नाही.

त्याच्या आधी, इ.स. १०३० च्या सुमारास, अल् बेरूनी ह्या महापंडिताने हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला त्यात दक्षिणेच्या वाटा दिल्या आहेत. धारहून दक्षिणेस नर्मदा, मग अलिसपूर म्हणजे आपले अचलपूर, आणि तेथून साठ फरसखांवर गोदावरीच्या काठी ‘मंदगिर’. अचलपुराच्या दक्षिणेस सरळ रेषा काढली तर ती नांदेडच्या जवळच गोदेस मिळते, हे खरे. परंतु एवढ्यावरून मंदगिर म्हणजे नांदेड असे ठोकून देणे धाडसाचे होईल. अंतर जुळत नाही, नावही नीट जुळत नाही. बेरूनी स्वतः पंजाबच्या फारसा पुढे आला नव्हता. त्यास त्याची जाणीव होती हे विशेष. आपल्या ग्रंथाच्या आरंभीच त्याने ऐकीव व प्रत्यक्ष ह्यांतील भेदाची चर्चा केली आहे. मसूदीपेक्षा तो ह्या बाबतीत अधिक सावध. पण त्याने लेखणी धरली तेव्हा मानकीरचे वैभव उरले नव्हते. माळव्याच्या सीयकाने इ.स. ९७२ मध्ये मान्यखेट लुटले, आणि पाठोपाठ चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्यच घेतले.

वस्तुतः ह्या प्रदेशाची वाट नोंदवून ठेवण्याचे काम परक्यांच्या आधी आपल्याच राजांनी केले होते. वाशीम येथील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती ह्याच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात ‘नांदीकट’ प्रदेशाच्या उत्तर मार्गावरील गाव दान दिल्याचे म्हटले आहे. नांदीकट म्हणजे नांदेड. अरबस्तानातून पहिले जहाज कोकणात लेखणी घेऊन येण्यापूर्वी कित्येक शतके नांदेडच्या रस्त्यास नाव होते.

अरब भूगोलकारांची ही ऐकीव माहिती त्यांच्या ग्रंथांतच राहिली असती तर तिची गोष्ट येथेच संपली असती. पण ती कथांत शिरली. सिंदबाद खलाशाच्या सात सफरी हारून अल् रशीदच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीस व नवव्याच्या आरंभी घडल्याचे कथाकार सांगतो. त्या वेळी दख्खनेत अमोघवर्षाचा पिता तिसरा गोविंद राज्य करीत होता. ह्या सफरींतला अचंबा हवेतून आलेला नाही. दहाव्या शतकात बुजुर्ग इब्न शहरियार नावाच्या नाखव्याने ‘हिंदची अद्भुते’ हे पुस्तक जुळविले. खलाशांनी बेट समजून समुद्रातील कासवाच्या पाठीवर चूल पेटविल्याची गोष्ट त्यात आहे. सिंदबादाच्या पहिल्या सफरीत कासवाचा मासा झाला, एवढाच फरक. इब्न खुर्दादबिह ह्या नवव्या शतकातील भूगोलकाराने हिंदूंच्या सात जाती सांगितल्या व ब्राह्मण मद्य पीत नाहीत असे नोंदविले. सिंदबादास त्याच पहिल्या सफरीत हिंदी लोक भेटतात आणि आपल्या जातींची माहिती देतात. ब्राह्मण मद्य पीत नाहीत हे तेथेही आहे, मात्र जाती साताच्या बहात्तर झाल्या आहेत. फरसखांचे जे झाले तेच जातींचे झाले.

पुढे ह्याच कथा फ्रेंच व इंग्रजीच्या वाटेने फिरून महाराष्ट्रात आल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ ह्या नावाने त्यांचे मराठीत रूपांतर आरंभिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी मुलांनी सिंदबादाच्या तोंडून हिंदूंचीच वर्णने मोठ्या नवलाने वाचली. आपल्याच घराची खबर बगदादला जाऊन, तेथे मीठमसाला लावून, पॅरिस-लंडनची वारी करून पुण्यास परत आली! नांदेड-लातुराकडे ती आणखी उशिरा पोचली असणार. हा मुलूख इ.स. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि शाळेत उर्दूचा अंमल होता. त्याच हैदराबादेत इ.स. १८८८ मध्ये स्थापन झालेली ‘दायरतुल मआरिफ’ ही संस्था दुर्मीळ अरबी ग्रंथ शोधून छापीत असे, आणि तिचे ग्रंथ काहिरा व दमास्कसपर्यंत मान्यता पावत. बेरूनीचा हिंदविषयक ग्रंथही तिने मूळ अरबीत छापला. ज्या राज्यात लातूर होते त्या राज्याच्या राजधानीत अरबांचे ग्रंथ छापले जात होते. लातुरातल्या मुलास त्यांतले अक्षर वाचता येत होते, कारण उर्दूची लिपी तीच. आणि अर्थ मात्र कळत नव्हता.

अरबी साहित्यात प्रवासवर्णनाचा हा प्रवाह आजवर आटलेला नाही. आधुनिक काळात त्याने दिशा बदलली. रिफाअ अत्-तहतावी हा इजिप्तचा धर्मपंडित इ.स. १८२६ मध्ये विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर पॅरिसला गेला, पाच वर्षे राहिला आणि तेथील खानावळी, वर्तमानपत्रे, राज्यव्यवस्था ह्यांचे वर्णन करणारे पुस्तक त्याने इ.स. १८३४ मध्ये प्रसिद्ध केले. पूर्वी अरब प्रवासी परक्या देशातील नवल सांगे; आता तो परक्या देशाकडे पाहून स्वतःच्या देशाचे उणे मोजू लागला. आधुनिक अरबी कादंबरीचा एक पाय ह्या पुस्तकावर आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या परंपरेचा सर्वांत चमत्कारिक वारस म्हणजे नगीब महफूज. इ.स. १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा हा कादंबरीकार काहिरा सोडून सहसा कोठे गेला नाही. सबंध हयातीत दोन-तीनदाच तो इजिप्तबाहेर पडला. त्याने इ.स. १९८३ मध्ये ‘इब्न फत्तूमाचा प्रवास’ ही कादंबरी लिहिली. नावातच इब्न बतूताची आठवण आहे. तिचा नायक कंदील हा एका कारवांबरोबर निघतो आणि देशांमागून देश पाहत जातो. त्या देशांची नावे उगवतीचा देश, गोंधळाचा देश, सुरक्षिततेचा देश, मावळतीचा देश अशी आहेत, आणि सर्वांच्या शेवटी ‘जबल’, म्हणजे पर्वताचा देश. तेथून कोणी परत आलेला नाही, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्याच्याविषयी ऐकलेलेच सांगतो. कादंबरी त्या डोंगराच्या पायथ्याशी संपते. नायक आपले टिपण कारवांच्या म्होरक्याच्या हाती देऊन पुढे जातो, आणि वाचकास आत काय होते ते कळत नाही. मसूदीच्या मानकीरची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की मसूदीने ऐकीव देशाचे अंतर मैलांत सांगितले आणि महफूजने ते न सांगणेच पसंत केले. महफूज अधिक प्रामाणिक, असे म्हणण्याचा मोह होतो; पण हा अन्याय होईल. मसूदी भूगोल लिहीत होता. त्यास मोकळी जागा सोडून चालण्यासारखे नव्हते.

दुसरा लेखक अब्दुर्रहमान मुनीफ. तो तेलाच्या अर्थशास्त्राचा जाणकार होता. त्याच्या ‘मिठाची शहरे’ ह्या इ.स. १९८४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या कादंबरीमालेत वाळवंटातील एक झऱ्यांची दरी, तेथे थांबणारे कारवां, आणि तेलाच्या शोधात आलेल्या परक्यांनी त्या दरीचे केलेले निसंतान, ह्यांचे वर्णन आहे. येथे प्रवासी दुय्यम झाला. ज्याच्या गावावरून प्रवासी जात असे त्या गावकऱ्यानेच आता तोंड उघडले. परका आला तेव्हा त्यास काय दिसले, ह्यापेक्षा आपल्यास तो कसा दिसला, हे तो सांगतो.

लातूरच्या बाबतीत असे तोंड उघडण्यास फार काळ जावा लागला. राष्ट्रकूटांच्या शिलालेखात ते बिरुद म्हणून येते, प्रशस्तीत शोभेपुरते. निजामी काळात ते उस्मानाबाद जिल्ह्यातील एक व्यापारी पेठ म्हणून ओळखले जाई. स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच्या अकरा वर्षे आधी, इ.स. १९७१ मध्ये, लातुराजवळच्या काटगाव येथे जन्मलेले रा. रं. बोराडे ह्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. एका खेड्यातील शिंप्याच्या कुटुंबाची ती वाताहत आहे, आणि ती सांगते त्याची बायको पार्वती, स्वतःच्या बोलीत. त्या पुस्तकात राजा नाही, बंदर नाही. घर, गल्ली, शिवार एवढाच मुलूख. पण अमोघवर्षाच्या मूळ मातीतील माणसे एकमेकांशी कशी बोलतात, कोणावर का रुसतात आणि कोणत्या शब्दाने घायाळ होतात, हे त्यात आहे. ते ऐकावयास मसूदीस घाट चढावा लागला असता.